नकाशात ठेवलेले दगड

"गुरुजी, हे पोरं बोटानं दाबते, ते जाते कुठी?"

गावच्या गायत्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. गायता म्हणजे गावाची पूजा आणि जमिनीचे निवाडे सांभाळणारा वडीलधारा माणूस. शाळेत टॅब आल्याचं कळल्यावर तो वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याला समजावलं, की हे इंटरनेटवर साठतं, हरवत नाही. त्याने मान डोलावली. "हरवत नाई ते समजलं. मी इचारून राह्यलो, जाते कुठी?"

मी त्याला बसायला खुर्ची दिली.

मी मूळचा मूल तालुक्यातला. आमचं घर तलावात जाळं टाकणाऱ्यांचं, आणि आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. विषय इतिहास. या विषयाने मला नोकरी दिली, बहिणीचं शिक्षण केलं, म्हणून त्याच्याविषयी मला खरोखर कृतज्ञता आहे. एटापल्ली तालुक्यातल्या या शाळेत आलो तेव्हा पाठ्यपुस्तकातले किल्ले आणि तह मुलांना सांगताना जाणवायचं, की यातलं एकही ठिकाण त्यांनी पाहिलेलं नाही. टॅब आल्यावर वाटलं, आता गावापासून सुरुवात करता येईल. उपग्रहाच्या नकाशावर गाव दिसतं, नाला दिसतो, डोंगर दिसतो. मुलांनी त्यावर गावाचा इतिहास मांडायचा, असं मी ठरवलं.

आणि इथला इतिहास म्हणजे दगड. माणूस गेला की त्याच्या नावाने त्याच्या कुळाच्या जागेवर उभा दगड रोवतात. जंगलात अशा रांगा आहेत, कोणत्या पिढीपासूनच्या ते कोणी सांगू शकत नाही. गाव किती जुनं आहे याचा दुसरा पुरावा नाही.

गायत्याने नाही म्हटलं नाही. पण त्याने एक गोष्ट मुलांसमोरच स्पष्ट सांगितली. "सूरजागडाकडं खदान व्हायच्या आधी असेच लोक आले होते, हातात यंत्र घेऊन. आमी समजलो, रस्ता मोजून राह्यले. आता तुमच्या या फोटोमागं कोणी इथी आला, तर आमचे पोरं शाळेत येनार नाई. तुमाले आत्ताच सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "भाऊ, हे फक्त शिकवण्यासाठी आहे."

"असन," तो म्हणाला.

पट आधीच कमी होता. आणखी मुलं गळली असती तर शाळा नाल्यापलीकडच्या शाळेला जोडली गेली असती, आणि पावसाळ्यात नाला ओलांडून मुली कोणी पाठवत नाही. सातवीत गायत्याची नात होती, वर्गातली सगळ्यात हुशार. तिची शाळा तिथेच संपली असती. हे मला ठाऊक होतं, तरी मी काम सुरू केलं.

पुढारीपण त्या नातीनेच घेतलं. मी म्हटलं, जागेवर जाऊ, फोटो काढू. ती म्हणाली, "पूजा नसताना तिथी जात नाई गुरुजी. फोटो तं नाईच चालत. आमी सांगतो, तुमी नकाशात टोचा." मग मुलं टॅबभोवती बसली. नाल्याचं वळण, दोन टेकड्यांमधली मोकळी जागा, तिथून थोडं उगवतीकडे. दगडांची चित्रं त्यांनी कागदावर काढली. म्हाताऱ्यांच्या गोष्टी माडियात रेकॉर्ड केल्या आणि नातीने त्या मराठीत सांगितल्या. लाल ठिपका दाबला की आवाज ऐकू यायचा. मला फार छान वाटलं. मुलं अधूनमधून एकमेकांकडे बघून हसायची. मी समजलो, आनंद झाला असेल.

तालुक्याला शिक्षकांची बैठक होती, तिथे मी हा नकाशा पडद्यावर दाखवला. टाळ्या पडल्या. बऱ्याच जणांनी लिंक मागितली, मी गटावर टाकली. मागे भिंतीला टेकून उभा असलेला एक माणूस पडद्याचे फोटो काढत होता. शिक्षक वाटत नव्हता. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. नंतर मात्र इतका केला, की त्याचा शर्ट निळा होता की करडा यावरून माझं माझ्याशीच भांडण होतं.

मोहाचे दिवस आले. वरून निरोप आला, की नकाशाचं भित्तिचित्र करायचं आहे, जागेचा निदान दुरून एक फोटो द्या. मी गायत्याला विचारायला गेलो. वाटलं होतं, चिडेल. तो म्हणाला, "जा ना. पाहून या."

"फोटो काढला तर चालेल?"

"काढा ना. काऊन नाई?"

एवढ्या सहज मिळालेली परवानगी मला खटकली. तरी गेलो. टॅबवरचा निळा ठिपका लाल ठिपक्याकडे सरकत होता. नाला वळला, टेकड्या आल्या, मोकळी जागा आली. निळा ठिपका लाल ठिपक्यावर जाऊन थांबला.

तिथे एकही दगड नव्हता. मोहाची झाडं होती, फुलं वेचता यावीत म्हणून त्यांच्याखालचा पालापाचोळा जाळलेला होता, आणि एक वारूळ होतं. मी आजूबाजूला बराच फिरलो. कधी काळी दगड असल्याची खूणही नव्हती. मग मुलांचं हसणं आठवलं.

राग आला. पोरांनी मला फसवलं, तेही ठरवून, सगळ्यांनी मिळून. त्या रागातच परत फिरताना पायाला काहीतरी लागलं. लाकडी खुंटी होती. डोक्यावर लाल रंग, अंगावर आकडा. भोवतालची जमीन जळून काळी झालेली, पण खुंटीला काजळीही नव्हती. म्हणजे आग विझल्यावर कोणीतरी येऊन ती ठोकली होती.

मी खाली बसलो. जिथे काहीच नाही, तिथे कोणी कशाला येईल? वनविभागाची झाडमोजणी असेल. रस्त्याची आखणी असेल. नाहीतर कोणीतरी माझा ठिपका बघून आलं असेल. उपटून नाल्यात फेकावी असंही मनात आलं. कोणाला कळलं नसतं. मग वाटलं, कळलं नसतं असं मी कशावरून म्हणतो?

सरळ गायत्याच्या अंगणात गेलो. तो आणि त्याची बायको वाळत घातलेली मोहफुलं पसरवत होते.

"पाहलं?" त्याने विचारलं.

"दगड नाहीत तिथे."

"नाई."

"खुंटी आहे. लाल रंगाची."

त्याचा हात थांबला नाही. "आठ रोज झाले तिले."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आमी रोज जातो तिथी. पाहून राह्यलो होतो, कोण येते. आन् तुमी सांगता का नाई, ते." मग त्याने मान वर केली. "कोण आला होता गुरुजी?"

"मला माहीत नाही, भाऊ. खरंच नाही. पण तालुक्याला मी तो नकाशा दाखवला होता, लोकांना दिला होता. त्यातून कोणी आलं नसेल, असं मी सांगू शकत नाही."

"मंग काढता येते का तो?"

"माझा काढतो. ज्यांनी घेतला, त्यांच्याकडचा नाही काढता येत."

म्हातारी माडियात काहीतरी बोलली आणि दोघं हसली. मी काय म्हणून विचारलं. "म्हन्ते, मोवाच्या झाडाले पुरखा समजून ठोकून गेले. पूजा करतीन आता." मग हसणं थांबवून तो म्हणाला, "पोरायचं आमी बसून ठरवतो."

त्या संध्याकाळी मी नकाशा काढून टाकला. रेकॉर्डिंग मुलांच्या घरी ऐकवून पुसून टाकलं. वनरक्षकाला खुंटीबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, आमची नाही बहुतेक. त्या 'बहुतेक'वर मी अजून अडकून आहे.

दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुलं आली, पुढे नात. तिने टॅबच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

"आजा म्हन्ते, इतिहास शिकवा. पन यावेळी तुमच्या गावचा."

मुलांनी हौसेने टॅब काढला. नकाशावर मूल सापडलं, मग माझं गाव, मग तलाव. पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, झाडं हिरव्या ठिपक्यांसारखी दिसत होती. त्यातल्या एका झाडाखाली आमच्या लोकांचा देव आहे, जाळं पाण्यात घालण्याआधी सगळे तिथे वाकतात.

"तुमचा देव कुठी आहे गुरुजी?" नातीने विचारलं. "टोचा ना."

सगळा वर्ग टॅबवर वाकला होता. मी बोट पुढे नेलं. ते आमच्या पाळीवर थांबलं, तिथून सरकलं, शेजारच्या गावचा तलाव आला, आणि तिथल्या एका झाडावर मी लाल ठिपका ठेवला.

नातीने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इथीच हाय?"

"पुस्तक काढा," मी म्हटलं. ती हसू दाबत जागेवर जाऊन बसली.