सरांनी अजून शेवट शिकवलेला नाही

आग्नेल सरांना मी पहिल्यांदा भेटले ती त्यांच्या चौक गावातल्या घरी. भाईंदर पश्चिमेहून बसने गेले होते, हातात कीबोर्डच्या परीक्षांच्या सर्टिफिकेट्सची फाइल. सर अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटत होते. हात धुऊन आत आले आणि फाइल न उघडताच म्हणाले, "वाजव काय तरी."

मी नोटेशनचं पुस्तक काढलं. सरांनी ते उचलून कपाटात ठेवलं. "जाताना घेऊन जा."

पुस्तकाशिवाय मला चार ओळी जमल्या नाहीत. चूक झाली की थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं, ही माझी सवय. सरांचा पाय मात्र ताल देतच राहिला. ते म्हणाले, "गानं फुडं गेलं. तू कोनासाठी मागं थांबलीस?"

सरांच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. सर कितीतरी वर्षं हॉटेलांच्या बँडमध्ये जॅझ पियानो वाजवायचे. जॅझमध्ये ठरलेली चाल थोडीच असते, बाकीचं तिथल्या तिथे सुचेल तसं वाजवायचं. मला काहीच सुचायचं नाही. दोन महिन्यांत एक गाणं न थांबता वाजवता आलं नाही तर सोडून द्यायचं, असं मी मनात ठरवलं होतं. सरांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. एका रविवारी त्यांनी स्वतःचा जुना कीबोर्ड रिक्षात घालून आमच्या गोडदेवच्या घरी पाठवला. त्याची एक पट्टी वाजत नाही. मी फोन केला तर म्हणाले, "तिच्याशिवाय वाजव. घरात कोन गातं तुज्या?"

"कोणी नाही," मी म्हटलं. ते खरं नव्हतं. माझे पप्पा जयंतीला आमच्या वस्तीत भीमगीतं गातात. पण ती आणि पियानो यांचा काही संबंध असेल असं मला वाटलंच नव्हतं.

दोन महिने संपले त्या रविवारी पप्पा मला घ्यायला चौकला आले आणि दारातच उभे राहिले. सर उठून पुढे गेले. "या साहेब, बसा. तुमी काय वाजवता?"

"मी कसला वाजवतोय. जयंतीला दोन गाणी म्हणतो, बस."

"मग म्हना की एक."

पप्पा लाजले, पण टाळी धरून गायला लागले. सरांनी मला डाव्या हाताचे तीन कॉर्ड दाखवले. तिसऱ्या ओळीला मी चुकले आणि सवयीप्रमाणे थांबले. पप्पांचे डोळे मिटलेले, त्यांना पत्ताच नाही. सर हळूच म्हणाले, "बाप थांबला न्हाय. गाठ त्याला."

मी मधूनच शिरले. कडवं संपून पप्पांनी श्वास घेतला तेव्हा सरांनी माझ्या उजव्या हाताकडे बोट केलं. मी पाच सूर वाजवले. कुठून आले माहीत नाही.

पप्पांनी डोळे उघडले. "हे गाण्यात नव्हतं."

"आता हाय," सर म्हणाले.

पप्पांचं गाणं संपलं तरी मी वाजवतच होते, कारण थांबायचं कसं तेच मला माहीत नव्हतं. पप्पा हसले आणि त्यांनी ध्रुवपद परत धरलं. असं तीनदा झालं. शेवटी मी हात उचलून विचारलं, "सर, गाणं संपवायचं कसं?"

"ते सगल्यात शेवटी शिकवतो. आधी चालू ठेवायला शीक."

त्या दिवशी मी पुस्तक कपाटातच विसरले. ते अजून तिथेच आहे.

सरांच्या वाढदिवसाचा हा अंक काढताना मी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलले. त्यातले काही जण कितीतरी वर्षं शिकतायत, आणि शेवट त्यांनाही अजून शिकवलेला नाही. सर आता पंचाहत्तर वर्षांचे झालेत. आम्हा सगळ्यांची विनंती एकच आहे. सर, तब्येत सांभाळा, रविवारी पाय आपटून ताल देत राहा, आणि शेवट शिकवायची मुळीच घाई करू नका.

आम्ही चालू ठेवतो.