शून्य दिवसांची लेक

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी अहमदपूरजवळच्या आमच्या गावाहून रोज एसटीनं लातूरला जायचे. तिथल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामिंग करायचे. नव्या जिल्ह्याची चर्चा जोरात होती, म्हणून गावोगावच्या तान्ह्या बाळांच्या वजनांची माहिती तालुक्यांप्रमाणे वेगळी करायचं काम आमच्याकडे आलं होतं. वजनातली वाढ भागिले वयाचे दिवस, एवढंच गणित. मी प्रोग्राम चालवला आणि आमच्या तालुक्याची सरासरी आलीच नाही. तिथं ‘नॅन’ असं आलं, म्हणजे ‘हा आकडाच नाही’.

कारण लगेच सापडलं. जन्मल्या दिवशीच गेलेल्या बाळांची वाढ शून्य आणि दिवसही शून्य. शून्याला शून्यानं भागायला सांगितलं की कॉम्प्युटर हात टेकतो. वजन वाढूनही दिवस शून्य लागलेल्या काही बाळांचं उत्तर अनंत आलं होतं, पण त्यांच्या तारखा चुकल्या होत्या, त्या दुरुस्त करता आल्या. नॅनला दुरुस्ती नसते. तो एक जरी बेरजेत मिसळला तरी अख्खी बेरीज नॅन होते. खरं सांगते, मला ते अगदी बरोबर वाटलं.

माझी मुलगी आदल्या वर्षी जन्मली आणि दिवस मावळायच्या आत गेली. आम्हा लिंगायतांत बाळाच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात, तेही राहूनच गेलं. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला शेतात लिंबाच्या झाडाखाली पुरलं आणि नंतर तिचं नाव काढलं नाही. कुणी विचारलं की सासूबाई चटकन सांगायच्या, “एकच पोरगा हाय सुनंला.” मी आतल्या आत जळत राहायचे.

नॅनचं ऐकून कंपनीतले साहेब म्हणाले, “मॅडम, चेक टाका अन् सोडून द्या त्या ओळी. कशाला डोकं खपवून राहिलात?”

त्यांचं काही चुकत नव्हतं, तरी मला त्यांचा भयंकर राग आला. उत्तर आकडा नसेल तर ते बाळ सोडून पुढं जा, एवढा एका ओळीचा चेक. तो लिहिला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुवायला नळाला पाणी नव्हतं. सरासरी मात्र छान आली.

त्याच आठवड्यात आमची विहीर आटली. जनावरं विकायची पाळी आली, तेव्हा जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या बोलावला. तळहातावर नारळ आडवा धरून तो शेतभर फिरला. नारळ उभा राहिला तो नेमका लिंबाखाली.

“हितं मारा बोअर, मालक. लई पाणी हाय.”

नवरा माझ्याकडे बघेना. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, पण नको म्हणाल्या नाहीत. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आधी मामा बोलले, “तिथं न्हाई.”

“दुसरीकडं थेंब लागायचा न्हाई. असं काय हाय तिथं?”

“मला दोन नातवंडं हायती,” मामा म्हणाले. “धाकटी तिथं हाय.”

बोअर बांधाजवळ मारलं. नुसती धूळ निघाली. पुढच्या बाजारी मामांनी बैलजोडी विकली.