चिठ्ठ्यांचं आंदण

कामांची यादी करून माणसाची फजिती कशी होते, ते ऐकायचं असेल तर चहाचं आधण जरा जास्त ठेवा. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण पितळेवर कोरून ठेवलेला एवढाच!

गोष्ट सत्तरच्या दशकातली. अड्याळला आमचं किराण्याचं दुकान. बाबा दोन वर्षांपूर्वी गेलेले आणि धाकट्या बहिणीचं, सुमनचं, लग्न वैनगंगेकाठच्या कारध्याला ठरलेलं. घरात कर्ता पुरुष कोण? मी! तुम्ही हसताय, पण माय तेव्हा हसली नव्हती. ती डोक्याला हात लावून बसली होती.

तिचं तरी काय चुकलं? मी यादी करायचो, पण यादी लांब झाली की मला आधी जांभई यायची, मग चहा आठवायचा आणि चहा होईपर्यंत यादी कुठे ठेवली ते आठवायचं नाही.

"वसंता," माय म्हणाली, "पोरीचं लगन हाये. एक काम इसरला ना, तं वरात वापस जाईन. तो व्याही लय तापट हाये बाप्पा!"

तापट म्हणजे किती? कुण्या लग्नात पापड तुटका वाढला म्हणून हा गृहस्थ भरल्या ताटावरून उठला होता! असल्या माणसाच्या घरी माझी सुमन जन्म काढणार.

मग मी डोकं लढवलं. म्हटलं, सवय काही बदलत नाही, तर यादीच सवयीप्रमाणे करू. मी दुकानदार. दिवसभर हाताला काय येतं? पुडीचा कागद आणि पुडीचा दोरा. म्हणून एका कामाला एक चिठ्ठी! साऱ्या चिठ्ठ्यांची गड्डी दोऱ्यानं बांधून खिशात ठेवायची. काम झालं की चिठ्ठी फाडायची. खिसा रिकामा झाला की लग्न लागलं समजा.

आणि काय सांगू, जमलं की हो! आठ दिवसांत पत्रिका वाटल्या, मांडव ठरला, आचारी ठरला. मी चिठ्ठ्या टराटरा फाडत होतो. माय तर शेजारणीला सांगू लागली, "आमचा वसंता सुधरला वो!"

शेवटी राहिल्या पाच चिठ्ठ्या. वरचीवर सुमनला द्यायच्या भेटीचा मजकूर होता. गड्डी घेऊन मी भंडाऱ्याला गेलो, आंदणाच्या पितळी भांड्यांवर नाव टाकायला. पाणी भरायचा गुंड, परात, डबा आणि पाणी प्यायचा गडवा, अशी चार भांडी पसंत केली. कारागीर तिथंच बसला होता, हातात छिन्नी-हातोडी.

"काय टाकाचं जी नाव?"

तेवढ्यात माझी नजर घड्याळाकडे गेली. अड्याळची एसटी सुटायला पाच मिनिटं! मी खिशातली गड्डी काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "हे वरचं साऱ्या भांड्यांवर टाका. भांडी आमचा मामा घेऊन जाईन." आणि धावलो.

बस सापडली. बसमध्ये खिसा चाचपला, तर रिकामा! आता शहाण्या माणसाला काय वाटलं असतं? गड्डी राहिली, असं. मला काय वाटलं? कामं संपली! चिठ्ठी नाही म्हणजे काम नाही, माझी पद्धतच तशी. मी खिडकीला डोकं टेकवून झकास झोपलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी मामानं पोतं आणलं. तोंड शिवलेलं, आत पेंढ्यात भांडी. तसंच कोपऱ्यात ठेवलं. उघडायचं कशाला? तशी चिठ्ठीच नव्हती!

लग्नाच्या दिवशी मला जाग आली ती आठ वाजता, दुकानातल्या पोत्यांवर. वरात सातलाच येऊन बसलेली! अख्खं घर मला शोधत होतं. तोंड न धुताच धावत गेलो, तर व्याही हातात पेला धरून उभे.

"हे पाणी हाये का काढा? एवढं गरम?"

मी गप्प बसायला हवं होतं ना? पण जीभ वळवळली. "मामाजी, वैशाखात पाणी गरमच राह्यते. वैनगंगा तुमच्या अंगणात हाये, आमच्या नाही!"

मामाजींच्या, म्हणजे व्याह्यांच्या, मिशा थरथरल्या. मायनं मला दंडाला धरून ओढत नेलं. "कायले बोलला बे? पोरीले सासरी नांदू देतं का नाही?"

लग्न लागलं. पंगत बसली. वाढप्यांनी आधी बुंदी वाढली, तीही सढळ हातानं, आणि व्याह्यांची पंगत बसेपर्यंत बुंदीची पाटी खडखडाट! व्याह्यांनी ताटातल्या नुसत्या भाताकडे असं पाहिलं, की मी मांडवाच्या खांबाआड गेलो.

मग आंदण मांडलं. भोंग्यावर नावं वाचायची वेळ आली. व्याह्यांनी माईक ओढून घेतला. "द्या इकडं. मीच पाह्यतो काय देल्लं ते." घोगरा, चिडलेला आवाज अख्ख्या अड्याळभर घुमला.

आधी गडवा उचलला. चष्मा चढवला.

"सकाळी पाचला उठणे. चि. सुमनला सप्रेम भेट, मोठा भाऊ वसंता."

कारध्याच्या एक म्हाताऱ्या आजी मान डोलावून म्हणाल्या, "चांगलं वळण लावलं हो पोरीले."

माझ्या मात्र पायाखालची जमीन सरकली. ती माझी चिठ्ठी! मला उठायची! कारागिरानं नावाची चिठ्ठी साऱ्या भांड्यांवर टाकली होती आणि उरलेल्या चार, एकेका भांड्यावर एकेक! (नंतर त्याला विचारलं, तर म्हणतो कसा, "मले वाटलं, तुमच्या घरची रीत असंन.")

मी पुढे सरकायच्या आत परात उचलली गेली.

"बुंदी कमी आहे. पाहुण्यांना आधी भात भरपूर वाढणे. चि. सुमनला सप्रेम भेट, मोठा भाऊ वसंता."

आजींची मान डोलायची थांबली.

डबा.

"भांडी उघडून नीट पाहणे. सप्रेम भेट..."

अहो, हीच! हीच एक चिठ्ठी खिशात असती तर मी वाचलो असतो! आता उरला गुंड. त्यावर काय असणार ते मला कळलं. मायनं पदर तोंडाला लावला. सुमनकडे बघायची माझी छाती होईना.

"व्याही तापट आहेत," भोंगा म्हणाला आणि थांबला. मग शब्द शब्द सुटा करत पुढे निघाला, "त्यांच्यासमोर... तोंड... उघडू नये. सप्रेम भेट. मोठा भाऊ... वसंता."

मामाजींनी चष्मा काढला. मला वाटलं, गेलं. बाबांच्या माघारी एक काम होतं माझ्याकडे, तेही मी पितळेत घातलं.

तेवढ्यात बाशिंगाआडून फिस्सकन आवाज आला. सुमन हसत होती! तोंड दाबून, खांदे गदागदा हलवत. नवी नवरी हसते म्हटल्यावर नवरदेवालाही हसू आवरेना.

मामाजींनी त्या दोघांकडे पाहिलं, मग चारही भांड्यांकडे आणि मग माझ्याकडे.

"पोरगा हुशार हाये," ते भोंग्यावरच म्हणाले. "काय काय कराचं ते सारं ठाऊक होतं याले. केलं मातर एकबी नाही!"

मांडव फुटला हो हसून! मला काही सुधरेना. हात जोडून पुढे गेलो, "मामाजी, माफ करा, मी काय म्हणतो..."

त्यांनी बोटातल्या अंगठीनं गुंडावर ठोका दिला. टण!

"वाच."

मी वाचलं आणि तोंड मिटलं. त्या दिवशी यादीतलं तेवढं एक काम मी पार पाडलं. मामाजींच्या मिशा परत थरथरल्या, पण या वेळी हसण्यानं. सुमन त्यांच्याच बैलगाडीत, त्यांच्याच शेजारी बसून सासरी गेली. मी वेशीपर्यंत एक शब्द न बोलता रडत गेलो.

तो गुंड अजून सुमनच्या स्वयंपाकघरात आहे, चिंचेनं घासून लख्ख. मी कारध्याला जातो, आठला उठतो, त्याच गडव्यातलं पाणी पितो, आणि चहा घेत तिच्या नवऱ्याला यादी कशी करावी ते समजावायला लागलो, की आतून त्या गुंडावर सुमनच्या बांगडीचा ठोका ऐकू येतो.

टण!