आज्जीच्या गळ्यातला टाक

आईच्या माहेरचा जुना फोटो म्हणाल तर एकच, आज्जी-आजोबांच्या लग्नातला. कसरीनं त्याच्या कडा खाल्ल्या होत्या, म्हणून धारवाडात सुभाष रोडवरच्या एका फोटोवाल्याकडं तो मोठा करायला नेला. पडद्यावर आज्जीचा गळा मोठा करत तो कन्नडमध्ये म्हणाला, "इथं एक डाग आहे बघा. पुसून टाकू?"

"अहो थांबा!" मी ओरडलेच. डाग कसला? मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात चांदीचा एक छोटा चौकोनी पत्रा होता आणि त्यावर ठोकून उठवलेली उभी बाई. टाक होता तो, देवघरात पुजतात तसला. पण नवरीच्या गळ्यात टाक कशाला?

घरी येऊन आईला विचारलं. फोटोकडं न बघताच ती म्हणाली, "असंल कुठली तरी देवी. रिकामपणाचे उद्योग तुझे!"

माझ्या डोक्यात एकदा भुंगा शिरला की तो सहजी बाहेर पडत नाही. दुसऱ्याच दिवशी तो मोठा केलेला फोटो घेऊन मी हुबळीला, कमरीपेठेत अण्णामामाकडं गेले. अण्णामामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, ऐंशी ओलांडलेला. भिंग लावून तो बराच वेळ बघत बसला.

"देवी नव्हे गं ही. सवतीचा टाक आहे. बिजवराशी लग्न लागलं की नवी नवरी वारलेल्या पहिलीचा टाक गळ्यात घालायची. पहिलीनं मागं लागू नये म्हणून." भिंग खाली ठेवून तो म्हणाला, "ती पहिली म्हणजे माझी आई."

अण्णामामा आणि आई सावत्र? आमच्या घरात हे कुणी चकार शब्दानं बोललं नव्हतं. मामाला लहानपणी एका शेजारणीकडून कळलं होतं. धावत जाऊन आजोबांना विचारलं, तर थोबाडीत बसली. पुन्हा त्यानं विचारलं नाही.

"अव्वानं मला कधी वेगळं धरलं नाही हं," तो म्हणाला. अव्वा म्हणजे माझी आज्जी; कन्नडमध्ये आईला अव्वा म्हणतात. "पण माझ्या आईचा एक फोटो नाही. घरात तिचं नाव घेतलेलं कधी ऐकलं नाही. हा टाक कुठं गेला असंल गं? डोळे आहेत तोवर एकदा हातात मिळाला असता तर..."

बसमध्येच मी ठरवलं, टाक शोधायचा. मोडीत गेला असेल तर तेही कळलं पाहिजे.

आईला सगळं सांगितलं आणि ती भडकली. "अण्णा माझा सख्खा भाऊ आहे! पुन्हा हा विषय काढलास तर याद राख!" मग पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. ह्या वयात भाऊ परका होईल अशी भीती वाटत होती तिला. मला वाईट वाटलं, पण मीही तिचीच लेक. बेळगावच्या मावशीला फोन केला. ती म्हणाली, "जुनी चांदी कोण ठेवतंय गं, मोडली असंल." आज्जीच्या सोनाराचं दुकान शोधत गेले, तर तिथं मोबाईलची रिचार्जं चालली होती. सगळीकडून हात हलवत परतले.

शेवटी आईपुढंच तो फोटो धरला. "काही मानू नकोस. फक्त बघ. अव्वा गेल्यावर हा कुठं गेला?"

तिनं नाइलाजानं चष्मा लावला, आणि तिचा चेहरा उतरला. ती उठली, देवघरापाशी गेली आणि अन्नपूर्णेच्या मागून एक टाक काढून माझ्या हातावर ठेवला. आज्जीच्या देवांबरोबर तिनंच तो आणला होता. रोज आंघोळ, हळद-कुंकू, शुक्रवारी दूध-साखर, एक दिवस चुकला नव्हता.

"मी देवी समजत होते गं हिला!"

पत्र्याचा खालचा कोपरा फोटोतल्यासारखाच दुमडलेला होता. पदर कळत होता, हात कळत होते. चेहऱ्याच्या जागी मात्र सपाट चांदी होती.

"चिंच लावून घासून घासून मीच चेहरा घालवला बघ," आई कपाळाला हात लावून खाली बसली. "आता अण्णाला काय दाखवू? नको सांगूस त्याला."

"सांगणार," मी म्हटलं आणि नंबर लावला. पण पलीकडून मामाचा आवाज आला तसा आईनंच फोन हातातून ओढून घेतला. "अण्णा, ये तू. तुझी आई माझ्याकडं आहे."

सकाळी पहिल्या बसनं तो आला. चप्पल काढतानाच त्यानं हात पुढं केला होता. टाक तळहातावर घेऊन सपाट चेहऱ्यावरून अंगठा फिरवत राहिला. आई समोर गुन्हेगारासारखी उभी.

"घेऊन जा, अण्णा. तुझीच आहे ती."

"तुझी नव्हे होय? इतकी वर्षं न्हाऊ घातलंस, जेवू घातलंस तिला. मी काय केलं?" त्यानं टाक परत तिच्या हातात दिला. मग थोडं लाजून विचारलं, "अव्वाला अव्वा म्हणायचो. हिला काय म्हणत असेन गं मी?"

आईनं त्याचा हात धरला. "आई म्हण."

मामा मान खाली घालून म्हणाला, "आई."