बॉनेटवरचा हात

“म्हाताऱ्याला ऐकायलाच येत नाय, त्याला आवाज काय दाखवू?”

करी रोडच्या गॅरेजमधला मिस्त्री हे शेजारच्या टॅक्सीवाल्याला म्हणाला. बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि नेहमीसारखी चपलांकडे बघत राहिले.

संप लांबला, बाबांची गिरणी पुन्हा धड सुरू झालीच नाही, तेव्हा त्यांनी ही जुनी टॅक्सी घेतली. घर तिच्यावरच चालायचं. वर्षभरात तिचं इंजिन दोनदा उतरवून झालं होतं. धूर येतो म्हणून पिस्टनच्या रिंगा बदलायच्या, दोन महिने बरे जायचे, की पुलाच्या चढावर गाडी पुन्हा धापा टाकायची. या खेपेला आईने मला सोबत धाडलं होतं. “मिस्त्री काय सांगतो ते नीट ऐकून ये. तुझे बाबा घरी येऊन अर्धंच सांगतात.”

मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं. आतला फिरता दांडा, क्रँकच झिजलाय, खडखडतोय. रिंगांनी काही व्हायचं नाही. कुर्ल्याला भंगारात निघालेल्या गाडीचं चांगलं इंजिन मिळेल, ते बसवा. नाहीतर हे एक दिवस पॅसेंजरसकट भर रस्त्यात जाम होईल.

“खडखड नाय नि काय नाय,” बाबा म्हणाले. “धूर आहे. रिंगा टाक.”

त्यांनी चालू गाडीच्या बॉनेटवर तळहात टेकला आणि डोळे अर्धवट मिटले. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, त्यांची निम्मी हयात गेली. तिथल्या दणदणाटात कानांचा उपयोगच नव्हता. साचा कुठे बिघडलाय ते विणकर त्याच्यावर हात ठेवून सांगायचे. बाबांचा हात तिथे चुकत नसे. पण ही गाडी मुळातच एवढी थरथरायची की त्यात ती खडखड हाताला लागणं शक्य नव्हतं. मला ती तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायची. गाडी चाळीच्या तोंडाशी आली की मी चहाचं आधण ठेवायचे.

बाबांना ऐकू कमी येतं, हे घरात कुणी बोलत नसे. बाबांना काही सांगायचं असलं की आई आधी त्यांच्या समोर येऊन उभी राहायची. बाबांनी रेडिओ मोठा केला की मी पुस्तक घेऊन गॅलरीत जायचे. “एवढ्या इंग्लिश शाळेत घातलं, तर तोंडातल्या तोंडात बोलायला शिकून आली,” असं बाबा म्हणायचे. कॉलेजातही माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे, त्यामुळे दोष माझा मानणं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

“बाबा, तो म्हणतो ते बरोबर असेल,” मी म्हटलं.

“काय गो? कॉलेजात आता इंजिनाचं पण शिकवतात?” मग मिस्त्रीकडे वळून, “चालती मशीन कोण उतरवतं? गिरणीत तेच केलं. चालते साचे भंगारात घातले.”

“टाकतो रिंगा,” मिस्त्रीने पाना उचलला. “गिऱ्हाइकाची मर्जी. दोन महिन्यांनी परत भेटूच.” टॅक्सीवाला हसला.

मला मिस्त्री आणि टॅक्सीवाला, दोघांचा राग आला. बाबांचा त्याहून जास्त. त्या बॉनेटवरच्या हाताचा, त्या खात्रीचा. आणि सगळं ऐकून गप्प उभी राहणाऱ्या माझा तर सगळ्यात जास्त.

रविवारी बाबांचे गिरणीतले दोस्त गॅलरीत जमत. साच्यांच्या आवाजात लागलेल्या सवयीने निम्मं बोलणं हातांनी आणि नुसत्या ओठांनी करत. लहानपणापासून बघून मला ते जमायचं, पण मी बाबांशी तसं कधी बोलले नव्हते. आता मी जाऊन बाबांच्या समोर उभी राहिले. मिस्त्रीकडे माझी पाठ होती. आवाज न काढता, फक्त ओठांनी म्हटलं, “बाबा, खडखड येतेय. मला रोज ऐकू येते. तुम्हाला येत नाही.”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. हात अजून बॉनेटवरच होता. मग तो उचलून त्यांनी आडवा धरला आणि हळूच खाली नेला. साचा बंद कर, अशी ती गिरणीतली खूण. ती करून ते दुसरीकडे बघू लागले.

मी मिस्त्रीकडे वळले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“रिंगा नकोत. दुसरं इंजिन बघा. आणि यांच्याबद्दल काय बोलायचं असेल, ते यांच्या समोर उभं राहून बोला.”