तीन नंबरचा दिवा

चाळीत शेजारच्या खोलीत शॉर्टसर्किटने आग लागली, तेव्हा बाबांनी जो धसका घेतला तो कायमचा. पुढे सिल्व्हर पार्कमध्ये ब्लॉक घेतला तरी सगळे बाहेर निघालो की बाबा मेन स्विच बंद करणारच. मग फ्रिजमधलं दूध नासणार, म्हणून ते आधी संपवायचं. आमच्याकडे लग्नाला जायचं म्हणजे पोट भरून जायचं.

अशा माणसाच्या माळ्यावर केबलवाल्याने अख्ख्या विंगच्या इंटरनेटचा हब आणून ठेवला. आम्ही सगळ्यात वर, गच्चीवरून येणारी वायर आमच्याच खिडकीतून खाली जायची. छोटासा डबा, त्यात एक वायर आत, बाकीच्या घरोघर. ज्या घरात नेट चाललंय त्याच्या वायरीच्या पोर्टचा हिरवा दिवा लुकलुकायचा. बाबा खूश. त्यांनी आईला लॅन, मोडेम, पोर्ट सगळं समजावलं. रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. आईने विचारलं, मग या डब्याला वीज कुणाची? बाबांनी रॅमचा विषय पुन्हा सुरू केला.

तीन नंबरचा पोर्ट खालच्या मजल्यावरच्या आंटीचा. त्या मूळच्या उत्तनच्या, एकट्या राहायच्या. मुलगा बोटीवर. बोट बंदराला लागली की तिथल्या सायबर कॅफेतून तो वेबकॅमवर दिसायचा, नाहीतर महिनोन् महिने नाही. एका रविवारी तो दिसणार होता, आणि त्याच रविवारी आम्ही दूध पिऊन राई गावात एका बारशाला गेलो.

मागे विंगमध्ये नेट गेलं आणि हाहाकार. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरने मोडेम बंद-चालू केला, आयपी ॲड्रेस तपासला, आंटीच्या वायरीला नवा कनेक्टर लावला. केबलवाल्याला शिव्या घालून झाल्या. आमच्या दाराला कुलूप आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण सुचलं कुणालाच नाही. संध्याकाळी आम्ही परतलो, बाबांनी मेन चालू केला, आणि खालून ओरडा आला, "आलं, आलं!" बाबा म्हणाले, मॅच जिंकले वाटतं.

मग आंटी वर आल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बोट सुटली," त्या म्हणाल्या. "आता कवा दिसल, म्हायत न्हाय."

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला होता, पण तो काढवेना.

हबला जिन्याच्या मीटरवरून वीज द्यायची तर सोसायटीची मिटिंग हवी, आणि मिटिंगला माणसंच जमत नव्हती. मेन चालू ठेवून घर सोडणं बाबांच्याने होईना. मग ते घर सोडेनासे झाले. आम्ही गेलो तरी ते मागे. आई चिडायची, तुमच्या डब्याला सोबत लागते का म्हणायची. ते म्हणायचे, हो.

पुढे माझ्या सख्ख्या मामेबहिणीचं लग्न निघालं. बाबांनी नवा सदरा घातला, आणि तेवढ्यात आंटी सांगून गेल्या की बोट आज लागणार. बाबा थांबले. आई लग्नात कुणाशी धड बोलली नाही.

आम्ही परतलो तर बाबा माळ्याखाली स्टुलावर, सदरा तसाच, मान वर करून बसलेले.

"आला का मुलगा?" मी विचारलं.

"बराच वेळ होता."

"तुम्ही खाली जाऊन भेटलात?"

"खाली गेलो आणि इथे काही झालं तर?" बाबा मान चोळत म्हणाले. "मी इथूनच बघितलं सगळं."