बाईंनी दिलेली केरसुणी

बाईंनी माझ्या हातात केरसुणी दिली आणि म्हणाल्या, "हिच्यावर गोष्ट सांग. इंग्लिशमध्ये."

वर्ग हसला. मोठ्यानं नाही. तोंडाला पदर लावून.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. वाशीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचा इंग्रजीचा वर्ग चालायचा. मी रबाळ्याला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होते. ऑफिसात टायपिस्टची जागा निघणार होती, इंग्रजी बोलणारी हवी होती. म्हणून ड्यूटी सुटली की वर्गाला जायचे. बाई पिशवीतून एकेक वस्तू काढून एकेकीला द्यायच्या. ती धरून गोष्ट रचायची. कोण होतं, काय झालं, शेवट काय. पद्धत चांगली होती. जीभ सुटायची.

पण मी पहिल्यांदा आले त्या दिवशी बाईंनी आडनाव विचारलं. मग गाव. मराठवाडा म्हटल्यावर घरात फोटो कुणाचा लावलाय, तेही विचारलं. अगदी गोड आवाजात.

मागच्या खेपेला मला बादली. आता केरसुणी. बँकेतल्या साहेबांच्या बायकोला छत्री. तिच्या मैत्रिणीला खेळण्यातला टेलिफोन.

योगायोग असेल, असं मनाला सांगत होते. शेजारी घणसोलीची आगरी मुलगी बसायची. तिला हळूच विचारलं.

"मना पन टोपलीच देतान," ती म्हणाली. "मावऱ्याची."

मासळीची टोपली. माझी शंका फिटली.

मी उठले. केरसुणी टेबलावर ठेवली. त्या मैत्रिणीपुढचा टेलिफोन उचलला.

"ठेव तो," बाई म्हणाल्या. "रोज हातात असतं त्याच्यावर बोल. तुला सोपं जाईल."

"माझ्या हातात रोज काय असतं, ते कधी विचारलंत?"

मी नंबर फिरवला. मोडक्या इंग्रजीत सुरू केलं. एक मुलगी ऑफिसातून गावी फोन लावते. पलीकडं कुणी ओळखतच नाही, तू कोण विचारतात. ती नाव सांगते. परत सांगते. ऐकू येईपर्यंत सांगते. अडखळले, पण शेवटापर्यंत गेले.

टाळी कुणी वाजवली नाही. बाई म्हणाल्या, व्याकरण चुकलं, आणि शिस्त पाळायची नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी मी गेले. पुढच्या रांगेत बसले.

टायपिस्टची जागा दुसरीलाच मिळाली. इंग्रजी मी सोडलं नाही. आजही कुणी गोड बोलून हातात काही ठेवलं, की दुसरीला काय दिलं ते आधी बघते. बघणारच. आणि माझी गोष्ट कशावर सांगायची, ते मीच ठरवणार.